दिनशॉ पारडीवाला

डॉ. दिनशॉ पारडीवाला हे मुंबई येथील अस्थिशल्यविशारद असून क्रीडावैद्यक आणि सांध्यांवर दुर्बिणीद्वारे केली जाणारी शस्त्रक्रिया, म्हणजेच आर्थ्रोस्कोपी, हे त्यांचे विशेष क्षेत्र आहे. अंधेरी येथील कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयातील क्रीडावैद्यक केंद्राचे ते प्रमुख आहेत. सायना नेहवाल, नीरज चोप्रा, विनेश फोगाट आणि ऋषभ पंत या खेळाडूंवर त्यांनी केलेल्या शस्त्रक्रिया विशेष प्रसिद्ध आहेत. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते.

पार्श्वभूमी

सामान्य रुग्णाचा गुडघा किंवा कोपर दैनंदिन व्यवहारापुरता बरा झाला, तर शस्त्रक्रिया यशस्वी मानली जाते. खेळाडूच्या बाबतीत हे पुरेसे नसते. पूर्वीचा वेग आणि पूर्वीची ताकद परत आली नाही, तर सांधा बरा होऊनही कारकीर्द संपते.

या शाखेतील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील बेसबॉलचे आहे. 1974 साली लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा गोलंदाज टॉमी जॉन याच्या कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध तुटला. तोवर अशी दुखापत म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या कारकिर्दीचा शेवटच समजला जाई. डॉ. फ्रँक जोब यांनी 25 सप्टेंबर 1974 रोजी त्याच्या उजव्या हातातील कंडरा काढून ती डाव्या कोपरात अस्थिबंधाच्या जागी बसवली. जॉन 1975 चा संपूर्ण हंगाम खेळू शकला नाही. मात्र 1976 मध्ये तो परतला आणि 1989 पर्यंत खेळत राहिला. त्याच्या नावावरील 288 विजयांपैकी 164 विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ही शस्त्रक्रिया पुढे शल्यविशारदाच्या नव्हे, तर रुग्णाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. जोब यांचा बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गौरव झाला तो 2013 साली, त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी.

(हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध आणि स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. वृत्तपत्रांत पुष्कळदा दोहोंसाठी ‘स्नायू’ हा एकच शब्द वापरला जातो, त्यामुळे दुखापत नेमकी कशाला झाली हेच वाचकाला कळत नाही.)

भारतीय खेळाडू अशा उपचारांसाठी दीर्घकाळ परदेशावर अवलंबून होते. खुद्द मुंबईकर असलेल्या सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर 2005 मध्ये आणि खांद्यावर 2006 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाल्या. ही प्रथा आजही पूर्णपणे थांबलेली नाही. जसप्रीत बुमराह याच्या पाठीवरील शस्त्रक्रिया 2023 मध्ये न्यूझीलंडमध्ये झाली. तथापि मुंबईत उपचार घेऊन सर्वोच्च स्तरावर परतलेल्या खेळाडूंची उदाहरणे आता सहज देता येतात.

उल्लेखनीय शस्त्रक्रिया

बॅडमिंटनपटू सायना नेहवाल हिच्या गुडघ्यावर रिओ ऑलिंपिकनंतर, ऑगस्ट 2016 मध्ये, शस्त्रक्रिया झाली. पुढील वर्षी तिने जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक आणि 2018 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

जोब यांच्या कामाशी अधिक जवळचे नाते सांगणारे उदाहरण भालाफेकपटू नीरज चोप्रा याचे आहे. 800 ग्रॅमचा भाला वेगाने फेकताना कोपराच्या आतील बाजूवर ताण, तर बाहेरील व मागील बाजूवर दाब पडतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने तेथे हाडाची वाढ होते, तुकडे सुटतात आणि हात पूर्ण सरळ होईनासा होतो. 2018 मध्ये राष्ट्रकुल आणि आशियाई या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक मिळवलेल्या नीरजच्या उजव्या कोपरावर 3 मे 2019 रोजी पारडीवाला यांनी शस्त्रक्रिया केली. टॉमी जॉनप्रमाणे येथे अस्थिबंध नव्याने घडवावयाचा नव्हता. सांध्यातील हाडाचा अडथळा दूर करावयाचा होता. त्या वर्षीची दोहा येथील जागतिक स्पर्धा नीरजला सोडावी लागली. 28 जानेवारी 2020 रोजी दक्षिण आफ्रिकेत 87.86 मीटर फेक करून तो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला आणि 7 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत 87.58 मीटर फेकीवर त्याने सुवर्णपदक पटकावले.

क्रिकेटपटू ऋषभ पंत याचे प्रकरण मात्र खेळातील दुखापतीचे नव्हते. 30 डिसेंबर 2022 रोजी रुरकीजवळ त्याच्या मोटारीला भीषण अपघात झाला. उजवा गुडघा निखळला होता व अनेक अस्थिबंध तुटले होते. गुडघा निखळताना त्यामागील मुख्य रक्तवाहिनीही तुटण्याचा धोका असतो व तसे झाल्यास पाय गमवावा लागू शकतो. सुदैवाने ती वाचली. त्याला विमानाने मुंबईत आणून जानेवारी 2023 मध्ये शस्त्रक्रिया करण्यात आली. आपण पुन्हा खेळू शकू का, हा पंतचा पहिला प्रश्न होता, तर त्याच्या आईला तो चालू शकेल का याची काळजी होती, असे पारडीवाला यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. यष्टिरक्षकाला प्रत्येक चेंडूला गुडघे वाकवून बसावे लागते, हे ध्यानात घेतल्यास दोन्ही प्रश्नांमधील अंतर कळते. पंत मार्च 2024 मध्ये आयपीएलमध्ये परतला आणि जूनमध्ये टी-20 विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. सप्टेंबरमध्ये चेन्नईत बांगलादेशविरुद्ध कसोटी पुनरागमनात त्याने 109 धावा केल्या.

पॅरिस ऑलिंपिक आणि वाद

कुस्तीगीर विनेश फोगाट हिच्या गुडघ्यावर ऑगस्ट 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. वर्षभराने, 6 ऑगस्ट 2024 रोजी, तिने 50 किलो गटात सलग तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. त्यांपैकी पहिल्याच कुस्तीत तिने जपानच्या युई सुसाकी हिला नमवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वजन 100 ग्रॅम अधिक भरले व ती अपात्र ठरली. वजन उतरवण्यासाठी रात्रभर प्रयत्न झाले, केसही कापण्यात आले, अशी माहिती पारडीवाला यांनी दिली. त्यानंतर वैद्यकीय पथकावर, विशेषतः त्यांच्यावर, टीकेची झोड उठली. वजन राखण्याची जबाबदारी खेळाडू व प्रशिक्षकांची असते, असे स्पष्ट करून भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा पी. टी. उषा यांनी या टीकेचा निषेध केला. अपात्रतेविरुद्धचे विनेशचे अपील क्रीडा लवादाने 14 ऑगस्ट रोजी फेटाळले.

दोन दिवसांनी विनेशने प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ निवेदनात पारडीवाला यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त केली. दोन्ही गुडघे व एक कोपर अशा आपल्यावरील तीन शस्त्रक्रिया त्यांनीच केल्याचे तिने त्यात नमूद केले आहे.