वस्तरा कुणाच्या हातात?

शिळफाट्यावर (खोपोलीच्या, कल्याणजवळचं शीळफाटा वेगळं) जनरल स्टोअरमध्ये पायांवरचे केस काढायचं बहुतेक सगळं मिळतं. क्रीमची ट्यूब, वॅक्सच्या पट्ट्या, वीस-तीस रुपयांचं रेझर. यात सगळ्यात स्वस्त, सोपं आणि बिनदुखणं काय, तर रेझर. आणि घरोघरी मुलींना मिळणारा सल्ला काय, तर ‘काहीही लाव, पण ब्लेड नको, केस राठ येतात.’

हा सल्ला खोटा आहे हे तपासून झालंय, तेही 1928 साली. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी दाढीचे केस मोजून दाखवलं, की वस्तऱ्याने केसांची जाडी किंवा वाढ बदलत नाही. केसाचं टोक मुळात निमुळतं असतं, ब्लेड ते सपाट कापतं, म्हणून हाताला टोचतं. एवढंच. मग शंभर वर्षं होत आली तरी ही भीती जात का नाही?

केस काढणं हे काही पार्लरबरोबर आलेलं फॅड नाही. कामसूत्रातल्या नागरकाच्या, म्हणजे शहरी रसिक पुरुषाच्या दिनक्रमात दाढी दर चौथ्या दिवशी, आणि अंगावरचे आणखी केस पाचव्या किंवा दहाव्या दिवशी काढायला सांगितलेत. सुश्रुतसंहितेत जखमेच्या उपचारांमध्ये केस घालवायचा लेप येतो: शंखाची पूड दोन भाग आणि हरताळ एक भाग. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळंधमक खनिज. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरावर तेच फासायचे. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. अक्षर घालवायला आणि केस घालवायला एकच पदार्थ!

यातली केमिस्ट्री मला फार आवडते. केसातल्या केराटिनचे धागे गंधकाच्या जोड्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. भाजलेल्या शंखाचा चुना आणि हरताळ ओले होऊन एकत्र आले की जो सल्फाइड तयार होतो, तो या जोड्या तोडतो. आजच्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट तेच काम करतं, फक्त आर्सेनिकचं विष वगळून. आणि कातडीतही केराटिन असतंच, म्हणून ट्यूबवर लिहिलेली मिनिटं पाळायची. हा सल्ला मात्र खरा आहे.

आता वस्तऱ्याकडे येऊ. मराठी मुलखात बाईच्या अंगाला वस्तरा लागायचा तो एका मोठ्या प्रसंगी: नवरा गेल्यावर. मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांत विधवेचं केशवपन व्हायचं, कधीकधी अगदी पोरवयात, आणि पुढे आयुष्यभर न्हावी येत राहायचा. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं, की विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही. गिरणी कामगारांची संघटना बांधणाऱ्या माणसाला हे सुचावं, यात नवल नाही. प्रथा बंद पाडायची तर ज्याच्या हातात हत्यार आहे त्यालाच काम थांबवायला सांगायचं.

माझा अंदाज असा, की ‘राठ येतात’ हे वरचं कारण आहे. वस्तरा एकतर पुरुषाच्या दाढीचा, नाहीतर विधवेच्या डोक्याचा. ज्या घरांना या प्रथेची आठवण होती, तिथे लग्नाच्या मुलीने तो पायाला लावणं कसं चाललं असतं? कागदोपत्री पुरावा दाखवता येणार नाही, पण केसांच्या जाडीपेक्षा हे कारण मला जास्त पटतं.

तसं पायांवर केस आहेत याचं पूर्वी कुणाला सोयरसुतक नव्हतं. खालापुरात लावणीला बायका लुगडं गुडघ्याच्या वर खोचून चिखलात उतरतात; तिथे लव कोण बघतंय! पाय ‘दिसायला’ लागले ते फ्रॉक आणि स्कर्टबरोबर. अमेरिकेत जिलेटने खास बायकांसाठी रेझर काढलं 1915 मध्ये, आधी काखेसाठी. (त्याच वर्षी आमच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली.) दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूटकडे वळवलं, स्टॉकिंग्ज मिळेनात, आणि उघडे पाय गुळगुळीत करणं तिकडे रोजचं झालं.

आपल्याकडे मात्र आयांच्या पिढीने ॲन फ्रेंच घेतलं, नाहीतर पार्लर गाठलं. क्रीमला वास, वॅक्सला वेदना. पण दोन्हींत वस्तरा नाही.

लेझर आलं तेव्हा अडचण निराळीच निघाली. ते केसातल्या काळ्या रंगद्रव्याला तापवतं, आणि सुरुवातीची रूबी लेझर गोऱ्या कातडीवर काळे केस असतील तरच नीट चालायची. आपल्या कातडीतही तेच रंगद्रव्य असल्यामुळे ती भाजायची. 1064 नॅनोमीटरची, खोल जाणारी एनडी-याग आल्यावर सावळ्या पायांची सोय झाली. म्हणून क्लिनिकमध्ये पॅकेजचा भाव विचारण्याआधी मशीन कुठलं आणि तरंगलांबी किती, हे विचारा. आणि तेवढे पैसे नसतील तर वीस रुपयांचं रेझर आहेच, साबण लावून.