ग्रहणाची गोष्ट आणि गुहेची गोष्ट

कोलंबस आणि चंद्रग्रहण ही गोष्ट मुलांना फार आवडते. जून १५०३ पासून तो जमैका बेटावर अडकला होता. जहाजं किड्यांनी पोखरलेली. तिथल्या ताइनो लोकांनी अन्न देणं थांबवलं. कोलंबसजवळ रेजिओमोंटानस या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचं पंचांग होतं. २९ फेब्रुवारी १५०४ ला त्याने टोळीप्रमुखांना बजावलं, देव कोपलाय, आज चंद्र लाल होईल. तसं झालं. लोक घाबरले, अन्न घेऊन आले.

यातून मूल काय शिकतं? युरोपातून आलेला शहाणा, बेटावरचा अडाणी. म्हणून वर्गात मी विचारतो, ही गोष्ट लिहिली कुणी? त्या सफरीत सोबत असलेल्या कोलंबसच्या मुलाने, फर्नांडोने. त्याचं पुस्तक १५७१ मध्ये व्हेनिसला इटालियनमध्ये छापलं गेलं. त्या रात्रीबद्दल ताइनोंना काय वाटलं, हे ताइनोंच्या तोंडून कुठेच येत नाही.

पण याच पुस्तकात आणखी एक मजकूर आहे. शेजारच्या हिस्पॅनिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्येही, ताइनोच राहत. रामोन पाने नावाचा धर्मसेवक त्यांच्यात राहिला, भाषा शिकला आणि कोलंबसच्याच सांगण्यावरून त्यांच्या श्रद्धा लिहून घेतल्या. ताइनो सांगत, सूर्य आणि चंद्र इग्वानाबोइना नावाच्या गुहेतून बाहेर आले. गुहा आतून पानाफुलांच्या नक्षीने रंगवलेली. आत हात बांधलेल्या दोन छोट्या दगडी मूर्ती, बोइनायेल आणि मारोहू. पाऊस लांबला की लोक त्यांच्या दर्शनाला जात. माणसंही गुहेतूनच आली, आणि पहाऱ्याला उशिरा परतलेल्या माकोकाएलला सूर्याने दगड केलं!

सूर्य, चंद्र, पाऊस आणि रंगवलेली भिंत यांचं नातं या लोकांनी मनात पक्कं जोडलं होतं. त्या बेटावर पोमिएरच्या गुहांत कोळशाने काढलेली पक्षी, मासे, माणसं यांची हजारो चित्रं आजही आहेत. ज्यांना आभाळाकडे बघताच येत नाही, ते लोक सूर्य-चंद्राच्या जन्माची कथा रचतात का?

पुस्तक एक, गोष्टी दोन. एक जगभर गाजली, दुसरी अभ्यासकांच्या कपाटात राहिली. रोग, गुलामी आणि कत्तलीमुळे ताइनो समाज काही दशकांतच उद्ध्वस्त झाला. मग त्यांच्या बाजूने बोलणार कोण?

ग्रहणाची गोष्ट जरूर सांगा. पण तिच्यासोबत गुहेचीही सांगा. हरलेल्या माणसालाही आभाळ असतं, हे मुलांना कळायला हवं.