भट्टीचा रंग आणि बंदुकीचा क्रमांक



कामगार संघटनेचा माणूस बंदुकीवर व्याख्यान देणार, हे वाचून काही मंडळींनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. त्यांना मी प्रथमच अभय देतो. मी बंदूक बाळगीत नाही आणि कोणी बाळगावी असेही सांगावयास आलेलो नाही. मला कुतूहल आहे ते वस्तू कोणी घडविली, कशी घडविली आणि बिघडली तेव्हा खापर कोणाच्या डोक्यावर फुटले, ह्याचे. ही सवय मला कारखान्याच्या फाटकाशी लागली. पुस्तके पुढे हाताशी आली ती त्याच सवयीने वाचली.

गोष्ट अमेरिकेतली आहे. त्या देशात शरद ऋतूत हरणाच्या शिकारीला रानात जाऊन राहण्याची जुनी चाल आहे. ती नुसती सरदार-जहागीरदारांची हौस नव्हे. शेतकरी, लाकूडतोडे, गिरणीतला मजूरही चार दिवसांची सुटी काढून तंबू ठोकतो आणि मिळालेले मांस हिवाळ्याला पुरवितो. अशा माणसाला दुकानातली नवी बंदूक परवडत नसे. त्याची सोय झाली ती लष्कराच्या निकाली मालातून. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमन नावाच्या व्यापाऱ्याने १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धातला उरलासुरला माल घाऊक विकत घेतला आणि जाडजूड सूचिपत्रे छापून तो घरोघर पोचविला. माल इतका होता की तो साठविण्यासाठी त्याने हडसन नदीतले एक बेटच घेतले! पुढे १९०५ च्या कायद्याने सरकारलाही आपल्या निकाली बंदुका रायफल क्लबांना मूळ किमतीत विकण्याची मुभा मिळाली. १९२० च्या दशकात जुनी क्रॅग रायफल दीड डॉलरला मिळत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंगफील्ड १९०३ ही रायफल पंधरा डॉलरच्या आसपास पडू लागली. सुमारे चार किलो वजन, पाच काडतुसे, मजबूत अक्रोडी दस्ता. रानात नेण्याला गरिबाच्या खिशात बसेल अशी ह्याहून चांगली वस्तू शोधून सापडली नसती.

परंतु ह्या रायफलीच्या बाबतीत जाणते लोक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट आधी विचारीत: क्रमांक किती? स्प्रिंगफील्डच्या कारखान्याची असेल तर ८,००,००० च्या वरचा क्रमांक पाहिजे. रॉक आयलंडच्या कारखान्याची असेल तर २,८५,५०७ च्या वरचा. त्याखालची बंदूक भिंतीवर टांगावी, खांद्याला लावू नये. सरकारी विक्रीचा वारसा आज चालविणारी तिथली संस्थाही हाच इशारा देते. ह्या दोन आकड्यांच्या मागे जे दडले आहे ते सांगावे, एवढ्यासाठी मी इथे उभा आहे.

बंदुकीत ‘रिसीव्हर’ नावाचा एक पोलादी भाग असतो. नळी त्यात पुढून आट्यांनी बसते, मागून बोल्ट त्यात सरकतो आणि काडतूस उडते तेव्हाचा सगळा धक्का शेवटी त्याच्यावर येतो. हा धक्का साधासुधा नव्हे. दर चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या घरातला दाब असतो आणि नेम धरणाऱ्याचा डोळा तिथून वीतभर अंतरावर असतो. म्हणून रिसीव्हरचे पोलाद वरून कठीण आणि आतून चिवट हवे. वरून कठीण नसेल तर ते झिजते, आतून चिवट नसेल तर काचेसारखे फुटते. हे दोन्ही गुण साधण्यासाठी पोलाद तापवून घडवितात, मग कोळशासारख्या द्रव्यात पुरून पुन्हा तापवितात आणि तेलात बुडवून त्याला पाणी देतात. ह्यात सगळा खेळ उष्णतेचा. जरा जास्त तापले की पोलाद जळते. त्याचा कण भरड होतो, वरून मात्र ते पूर्वीसारखेच चकचकीत दिसते.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत ही उष्णता मोजीत कशाने? तर घडाई करणाऱ्या कारागिराच्या डोळ्याने! धातूचा रंग पाहून तो ठरवी की आता आले. ह्यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या गावातला लोहारही तेच करतो. मात्र त्याची भट्टी नेहमी अंधाऱ्या कोपऱ्यात असते, हे तुमच्या ध्यानात आले असेल. उन्हात तापल्या लोखंडाचा रंग फिका दिसतो; म्हणून तो भट्टीवर सावली धरून ठेवतो. ही अक्कल त्याला कोणी शाळेत शिकविलेली नसते.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. त्याच्या आधीची हकीकतही सांगितली पाहिजे, कारण ती बहुधा गाळली जाते. पैसा नाही म्हणून १९१३ मध्ये रॉक आयलंडचे रायफलीचे काम बंद ठेवण्यात आले होते. कुशल माणसे पांगली. युद्ध दारात आले तेव्हा १९१७ मध्ये ते घाईघाईने पुन्हा सुरू झाले. माणसे नवी, निकड मोठी. आणि त्याच वर्षी सरावाच्या मैदानांवर रायफली फुटू लागल्या.

चौकशी झाली. जूलियन हॅचर हे त्या खात्यातले अधिकारी, पुढे सेनापतिपदाला पोचले. त्यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात ही सगळी हकीकत मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. पहिल्यांदा दोष सापडला तो काडतुसांत. काही काडतुसांचे पितळ बुडाशी मऊ राहिले होते. ते फाटून वायू मागे शिरे. दुसरा दोष रचनेतला होता. ह्या रायफलीच्या नळीचे मागचे तोंड नरसाळ्यासारखे उतरते असल्यामुळे काडतुसाच्या बुडाचा थोडा भाग आधारावाचून उघडा राहतो. तिसरा दोष रिसीव्हरच्या पोलादाचा. चांगले पोलाद अशा वेळी ताणले गेले असते. हे पोलाद तुकडे होऊन उडाले.

मग भट्टीवर उष्णतामापक, म्हणजे पायरोमीटर, लावून पाहण्यात आले. तेव्हा असे आढळले की कारागिराला ढगाळ दिवशी जो रंग बरोबर वाटे, तोच रंग लख्ख उन्हाच्या दिवशी मिळविताना धातू तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत अधिक तापलेला असे. म्हणजे रायफल पक्की की कच्ची, हे आकाशात ढग होते की नव्हते ह्यावर ठरत होते!

ही गोष्ट शिकाऱ्यांच्या जगात शंभर वर्षे सांगितली जात आहे आणि ऐकणारा दरवेळी त्या घडाईवाल्याच्या डोळ्याला हसतो. मला मात्र इथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. पायरोमीटर ही वस्तू काय १९१७ साली आकाशातून पडली? फ्रान्समधल्या ल शातेलिए ह्या शास्त्रज्ञाने कारखान्यात चालेल असे प्लॅटिनमच्या तारांचे उपकरण १८८० च्या दशकातच सिद्ध केले होते. म्हणजे भट्टीची उष्णता मोजण्याचे साधन तीस वर्षे हाताशी होते. आणि हे आयुध-खाते मोजमापाच्या विरुद्ध होते असेही नव्हे. त्याच खात्याच्या वॉटरटाउन येथील शस्त्रशाळेत १९११ साली ओतकाम करणाऱ्या कामगारांनी संप केला होता. कशासाठी? फ्रेडरिक टेलर ह्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यांच्या कामावर घड्याळ लावण्यात आले होते. हात किती सेकंदांत उचलला, साचा किती मिनिटांत भरला, ह्याची नोंद होऊ लागली होती. एका कामगाराने घड्याळाखाली काम करण्यास नकार दिला, त्याला काढून टाकले, आणि सगळे ओतारी बाहेर पडले. प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेले, आणि १९१५ च्या अर्थसंकल्पी कायद्याने सरकारी शस्त्रशाळांत असे घड्याळ लावण्यास पैसा देणे बंद केले.

मंडळी, हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहा. एकाच खात्याला कामगाराचा हात सेकंदात मोजावा असे १९११ साली वाटले. पोलादाची उष्णता अंशांत मोजावी असे घडाईच्या भट्टीपाशी १९१७ पर्यंत वाटले नाही. मी टेलरला सैतान म्हणत नाही. त्याने पोलादावर केलेले प्रयोग मोठे होते आणि उष्णतेचे महत्त्व त्याच्याइतके थोड्यांना कळले असेल. पण व्यवस्थापक विज्ञान विकत घेतात तेव्हा त्यातला कोणता भाग आधी घेतात, हे पाहण्यासारखे असते.

उपाय झाला तो मात्र नेटका. १९१८ च्या फेब्रुवारीत स्प्रिंगफील्डला ८,००,००० ह्या क्रमांकाच्या सुमारास आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात रॉक आयलंडला पोलादाला दोनदा पाणी देण्याची पद्धत सुरू झाली. त्यानंतरच्या बंदुका उत्तम निघाल्या. प्रश्न राहिला आधीच्या दहा लाखांवर बंदुकांचा. १९१७ ते १९२९ ह्या काळात ६८ रिसीव्हर फुटल्याची नोंद हॅचर देतात. माणूस एकही मेला नाही, तिघांचा एकेक डोळा गेला. १९२७ साली एका मंडळाने ह्या सर्व बंदुका काढून घ्याव्या अशी शिफारस केली. वरिष्ठांनी निर्णय दिला तो असा की, शिपायांच्या हातात आहेत त्या राहू द्याव्या, कोठारातून नव्याने देऊ नयेत, बाकीच्या युद्धासाठी राखून ठेवाव्या. दहा लाखांत अडुसष्ट हे प्रमाण पाहिले तर हा निर्णय अगदीच अविचाराचा म्हणता येत नाही. पण आकड्यांचा हा हिशोब कचेरीत बसून सोपा जातो. कोणती बंदूक उन्हाच्या दिवशी घडली आणि कोणती पावसाच्या, हे तिच्यावर लिहिलेले नव्हते. हातात घेणाऱ्या शिपायाला तर ते कळण्याची सोयच नव्हती.

आता गिऱ्हाइकाकडे येऊ. त्याची फसगत कुठे होते? नळीवर, टोकापाशी, महिना आणि साल कोरलेले असते. ते ‘१९४२’ असे वाचून तो समजतो की बंदूक नवी आहे. पण नळी झिजली की बदलतात. तारीख नळीची असते, रिसीव्हरची नव्हे. म्हणून पाहावयाचा तो रिसीव्हरवरचा क्रमांक. पूर्वी काही कारागीर जुन्या रिसीव्हरला पुन्हा पाणी देऊन देतो असे सांगत. खुद्द सरकारी शस्त्रशाळेने तो प्रयत्न करून सोडून दिला होता. जळलेल्या पोलादाचा कण असा पूर्ववत होत नाही. ज्याला निवडीला वाव होता त्याने १९४२ नंतरची १९०३-ए-३ घ्यावी, असे जाणते सांगत. ती रेमिंग्टनने आणि टाइपरायटर करणाऱ्या स्मिथ-कोरोना कंपनीने केली. पत्रा ठोकून केलेले भाग तिच्यात पुष्कळ, त्यामुळे ती दिसायला ओबडधोबड. पण पोलाद मिश्रधातूचे, आणि मागचे भोकाचे नेमसाधन रानातल्या अंधुक उजेडात फार सोयीचे. देखणेपणावर भाळणाऱ्याने ती नाकारली आणि शहाण्याने तीच नेली.

राखणीचा इतिहासही असाच आहे. नळी साफ करून, तेल लावून ठेवली तरी चार दिवसांत आत गंज चढे. गंज दिसे तो ज्याच्या हातात बंदूक त्याच्याकडे, म्हणून हयगय त्याचीच मानली जाई. १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या खाण-खात्यातल्या रसायनज्ञांनी दाखवून दिले की दोष काडतुसाच्या टोपीतला आहे. टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचा जळल्यावर क्षार होतो, तो मिठाच्या जातीचा. हवेतला ओलावा तो ओढून घेतो आणि तेलात विरघळत नाही. त्याला उतारा साध्या पाण्याचा. ब्रिटिश फौजेत नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची रीत होती, तिचे मर्म हेच. पाणी ओतावे, कोरड्या चिंध्या ओढाव्या, मग तेलाचा हात द्यावा. हे सर्व त्याच संध्याकाळी, तंबूत शिरण्यापूर्वी. गज घालावयाचा तो बोल्ट काढून मागच्या बाजूने, कारण पुढच्या तोंडाची कड झिजली की नेम गेला. दस्त्याला जवसाचे तेल. आणि चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवून देऊ नये. चामडे ओल धरते.

ह्या क्षाराच्या गोष्टीत आपलाही वाटा आहे. .३०३ ची जुनी काडतुसे निकाली मालातून अमेरिकेत गेली त्यात बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरे असलेली काडतुसे होती. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, १८६९ पासून चालत आलेल्या. आणि ती उडविल्यावर पाण्याने नळी धुवा, असे तिकडचे शिकारी एकमेकांना बजावीत. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफली तशाच तिकडे पोचल्या. आपल्या देशात मात्र लष्करी .३०३ साध्या नागरिकाला वर्ज्य, म्हणून सरकारी कारखान्याने परवानेवाल्यांसाठी .३१५ ची वेगळी रायफल काढली. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीची बातच संपली. ईशापूरची ओळख तिकडच्या गिऱ्हाइकाला पटते ती दस्त्याच्या पुढच्या भागात आडवा बसविलेल्या एका स्क्रूवरून. लाकूड चिरू नये म्हणून तो तिथल्या कामगारांनी बसविलेला आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते ठिगळ वाटते. वापरणारा सांगतो की त्या स्क्रूच्या दस्त्याला चीर जात नाही.

स्प्रिंगफील्डची शस्त्रशाळा १९६८ साली बंद झाली आणि आता तिथे संग्रहालय आहे. ८,००,००० च्या आतले क्रमांक मात्र अजूनही बाजारात हिंडतात, बहुतेक नव्या नळीसह.