याला रोज सकाळी उठवतं कोण? नको असलेल्या ड्रायव्हरचा माग

संगणकाच्या इतिहासावर बोलताना आपण बहुतेक वेळा मोठी यंत्रं आणि मोठ्या कंपन्या यांच्याबद्दल बोलतो. आज जरा तळघरात उतरू. विषय छोटा आहे, पण ज्यांनी जुना संगणक सांभाळलाय त्यांना तो ओळखीचा वाटेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका छापखान्यात बसलो होतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, गणेश मंडळाच्या पावत्या छापणारं दुकान. संगणक विंडोज एक्सपीचा. त्यावर पूर्वी मराठी अक्षरजुळणीचं एक सॉफ्टवेअर होतं. तुम्हाला आठवत असेल, अशा सॉफ्टवेअरबरोबर एक लॉक यायचं, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं. ते नसेल तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. इथे सॉफ्टवेअर केव्हाच काढलेलं, लॉकही हरवलेलं. पण लॉकचा ड्रायव्हर तसाच राहिला होता. संगणक सुरू केला की तो त्या पोर्टवर लॉक शोधत बसायचा आणि तोवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अडून राहायचा. ड्रायव्हर बंद केला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू. मालक म्हणाले, "काहीही करा, पण फॉरमॅट मारू नका. पंधरा वर्षांचं काम आहे त्यात."

ड्रायव्हरची फाइल सापडायला पाच मिनिटं लागली. खरा प्रश्न होता, याला रोज सकाळी उठवतं कोण? त्याचं उत्तर इतिहासात दडलेलं होतं, म्हणून आधी इतिहास पाहू.

ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि कार्यप्रणाली यांच्यातला दुभाषा. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा हे दुभाषे डॉसच्या पोटातच असायचे. बाहेरून नवा आणायची सोय नव्हती. ती सोय १९८३ साली डॉस २.० ने केली. कॉन्फिग डॉट सिस नावाची साधी मजकुराची फाइल आली. तिच्यात 'डिव्हाइस' शब्द, पुढे बरोबरचं चिन्ह आणि ड्रायव्हरचं नाव लिहिलं की संगणक सुरू होताना तो ड्रायव्हर चढायचा. बाकी नेहमीचे प्रोग्रॅम ऑटोएक्झेक डॉट बॅट या दुसऱ्या फाइलीतून सुरू व्हायचे.

म्हणजे दारं दोनच, आणि दोन्ही उघडी. नको असलेला ड्रायव्हर तेव्हाही त्रास द्यायचा. डॉसची नेहमीची मेमरी ६४० केबी, त्यात माउस आणि सीडीचे ड्रायव्हर बसले की मोठा गेम किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम चालायला जागाच उरायची नाही. पण कोण चढवतंय हे शोधणं सोपं होतं. फाइल उघडायची, ओळ वाचायची आणि तिच्यापुढे 'रेम' लिहायचं. ओळ जागेवर राहायची, पण संगणक तिच्याकडे दुर्लक्ष करायचा. चुकलं तर 'रेम' पुसून टाकायचं. १९९३ च्या डॉस ६ मध्ये तर सुरू होताना एफ ८ दाबलं की संगणक एकेक ओळ दाखवून विचारायचा, ही चालवू का? घरात कोण येणार हे दारातच मालकाला विचारलं जायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

मग विंडोज आलं. विंडोज ३.१ च्या काळात विन डॉट आयएनआय आणि सिस्टिम डॉट आयएनआय या दोन फाइली होत्या. पहिलीत 'लोड' आणि 'रन' या ओळी प्रोग्रॅम सुरू करायच्या, दुसरीत ड्रायव्हरची नावं. शिवाय 'स्टार्टअप' नावाचा गट. डॉसच्या दोन फाइली होत्याच. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि बहुतेक सगळं रजिस्ट्री नावाच्या एका मोठ्या नोंदवहीत जाऊ लागलं. पण जुनी दारं बंद केली नाहीत. का? कारण कुठल्यातरी कारखान्यात, दवाखान्यात, दुकानात जुन्या फाइलीवर अवलंबून असलेला प्रोग्रॅम चालू होता, आणि तो बंद पडला तर लोक नवी विंडोज घेणार नव्हते. कारण व्यवहाराचं होतं, पण त्यामुळे प्रत्येक पिढीनं नवी दारं काढली आणि जुनी तशीच ठेवली.

विंडोज ९५ मध्ये बूटलॉग नावाची फाइल बनवता यायची. कोणता ड्रायव्हर चढला, कोणता अडखळला, हे त्यात ओळीनं लिहिलेलं असायचं. कोण आलं ते त्यातून कळायचं, कोणी बोलावलं ते मात्र कळायचं नाही.

दुसरीकडे १९९३ पासून विंडोज एनटी होतं, आणि २००१ साली एक्सपीच्या रूपानं ते घराघरांत पोहोचलं. त्यात प्रत्येक ड्रायव्हरची नोंद रजिस्ट्रीच्या 'सर्व्हिसेस' या भागात असते आणि 'स्टार्ट' या नावापुढे एक आकडा असतो. ० म्हणजे अगदी सुरुवातीला, १ म्हणजे त्यानंतर लगेच, २ म्हणजे आपोआप, ३ म्हणजे कोणी मागितला तर, आणि ४ म्हणजे बंद. आकडा ०, १ किंवा २ असेल तर शोध तिथेच संपतो, कारण कार्यप्रणालीच त्याला उठवते. खरी गंमत ३ मध्ये आहे. तिथे ड्रायव्हर स्वतः उठत नाही, दुसरं कोणीतरी त्याला हाक मारतं. तो हाक मारणारा शोधायचा, तर तो कुठल्या दारानं आला हे आधी शोधावं लागतं. दारं आता डझनांनी झालेली.

या कामाला हत्यार मिळालं ते मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांमुळे. १९९६ पासून ते विंडोजच्या पोटात डोकावणारी छोटी साधनं फुकट देत होते. पुढे ती सिसइंटर्नल्स या नावानं प्रसिद्ध झाली. त्यातलं 'ऑटोरन्स' सगळ्या दारांची यादी एका जागी मांडतं: कुठे नोंद आहे, कोणती फाइल, कोणी बनवलेली. ओळीपुढची खूण काढली की ती नोंद बाजूला ठेवली जाते, पुसली जात नाही. म्हणजे जुन्या 'रेम'चंच काम.

या शोधाची सगळ्यात गाजलेली घटना याच रुसिनोविच यांच्या संगणकावर घडली. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी ती जाहीर केली. लपवलेल्या फाइली शोधणारं आपलं साधन तपासताना त्यांना स्वतःच्याच यंत्रावर लपवलेला फोल्डर आणि ड्रायव्हर दिसले. एरीज डॉट सिस नावाचा ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या हाकांचा तक्ता बदलत होता, आणि 'डॉलर-सिस-डॉलर'नं सुरू होणारं कोणतंही नाव यादीतून गायब करत होता. सोबतच्या एका सर्व्हिसचं दाखवायचं नाव होतं 'प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर'. पाहणाऱ्याला ती विंडोजचीच वाटावी असं. माग काढता काढता ते फर्स्ट फोर इंटरनेट या कंपनीपर्यंत पोहोचले आणि तिथून सोनी बीएमजीच्या एका गाण्याच्या सीडीपर्यंत. ती सीडी त्यांनी पैसे देऊन विकत घेतलेली होती. संगणकावर ऐकायची तर सीडीवरचाच प्लेअर चालवावा लागायचा, आणि त्या निमित्तानं नक्कल रोखणारे हे ड्रायव्हर आत शिरले होते. लपवालपवीचा करारात उल्लेख नव्हता, काढून टाकायची सोयही नव्हती.

पुढची गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. त्यांनी ड्रायव्हर आणि नोंदी पुसल्या, संगणक पुन्हा सुरू केला, आणि सीडी ड्राइव्हच दिसेना. कारण एका ड्रायव्हरनं सीडी ड्राइव्हच्या 'फिल्टर' यादीत आपलं नाव घातलं होतं. नाव यादीत होतं, फाइल जागेवर नव्हती, म्हणून सगळी साखळीच तुटली. यादीतून नाव काढल्यावर ड्राइव्ह परत आला. रुसिनोविच यांच्यासारख्या माणसाला इतकी खटपट करावी लागली, तर साध्या ग्राहकानं काय करायचं?

दहा-बारा दिवसांत त्याच लपण्याच्या जागेचा फायदा घेणारे घातक प्रोग्रॅम आले. नोव्हेंबरातच सोनी बीएमजीनं या सीडी परत मागवल्या. अल्बम ५२ होते आणि सुमारे २१ लाख सीडी विकल्या गेल्या होत्या. टेक्सास राज्यानं खटला भरला. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर तडजोड झाली. वाद वरवर गाण्यांच्या नकलेचा होता. मुळात प्रश्न असा होता की, माझ्या यंत्रात काय सुरू होतं हे मला कळण्याचा हक्क आहे की नाही.

पुढे ६४-बिट विंडोज व्हिस्टापासून कर्नलमधल्या ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली. त्याचा उपयोग झाला, पण सही फक्त कोणी बनवलं ते सांगते. २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांच्या सह्या होत्या. 'कोणी बोलावलं?' हा प्रश्न उरतोच.

आता छापखान्यात परत येऊ. आमच्या ड्रायव्हरचा आकडा होता ३. म्हणजे हाक मारणारा दुसरा कोणी. रजिस्ट्रीतली नेहमीची 'रन' यादी पाहिली, तिथे नाही. स्टार्टअप फोल्डर रिकामा. विन डॉट आयएनआय उघडली, तीही स्वच्छ. शेवटी ऑटोरन्स चालवलं, आणि 'लोड' या नावाखाली लॉक तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम दिसला. तो रोज सुरू होऊन ड्रायव्हर बंद दिसला की पुन्हा नोंदवायचा. झालं होतं असं: सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं जुन्या सवयीनं विन डॉट आयएनआयच्या 'लोड' ओळीत नाव लिहायला सांगितलं, आणि एक्सपीनं ती ओळ मुकाट्यानं रजिस्ट्रीत वळवली. जुनं दार चालूच होतं, फक्त भिंतीआड गेलं होतं. म्हणून फाइलीत काही दिसत नव्हतं.

आम्ही आधी नोंदी कागदावर उतरवल्या. मग 'लोड'ची खूण काढली, नंतर ड्रायव्हरचा आकडा ४ केला. फिल्टर याद्यांत त्याचं नाव नाही याची खात्री केली आणि संगणक दोनदा सुरू करून पाहिला. फाइल आठवडाभर तशीच ठेवली, मग काढली. क्रम हाच ठेवा: आधी हाक मारणारा, मग ड्रायव्हर, फाइल सगळ्यात शेवटी. प्रिंटर सुरू झाल्यावर मालकांनी पहिल्यांदा काय छापलं असेल? आमच्या चहाची पावती.

आता प्रश्न घेऊ.