उल्हासचा पूर आणि कायदा : मांजर्लीच्या माणसाला नेमकं काय मागता येतं?

पाऊस जोराचा लागला की बदलापूर पश्चिमेला मांजर्ली, हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली भागातली माणसं आधी उल्हास नदीकडे बघतात. २६ जुलै २००५ चा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारभर प्रवासी बाहेर काढावे लागले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढलं.

एखादा पूर हवामान बदलामुळेच आला, असं लगेच म्हणता येत नाही. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस सुमारे तिपटीने वाढला. म्हणजे पूर हा आता फक्त नशिबाचा भाग राहिलेला नाही. म्हणूनच प्रकरणं कोर्टात जाऊ लागली आहेत.

सर्वात मोठा निकाल २१ मार्च २०२४ चा. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकाचा हक्क आहे. आधार घेतला घटनेच्या कलम १४ आणि २१ चा, म्हणजे समानता आणि जगण्याचा हक्क. गंमत अशी की खटला पुराचा नव्हताच. राजस्थान-गुजरातमधल्या माळढोक पक्ष्याचा आणि विजेच्या तारांचा होता. आणि त्यात पक्ष्यासाठी तारा जमिनीखालून नेण्याचा २०२१ चा आदेश कोर्टाने सैल केला, कारण सौरऊर्जाही हवी. हवामान बदलासाठी देशात स्वतंत्र असा एक कायदा नाही, हेही त्याच निकालात नोंदवलं आहे.

बाहेरच्या देशांतही हेच चाललंय. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सरकारला धूर कमी करायला लावला. स्वित्झर्लंडच्या वयस्कर बायकांनी २०२४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात केस जिंकली. जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, की हवामान राखणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. आपल्याकडे उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या रिधिमा पांडेने २०१७ मध्ये हरित लवादाकडे अर्ज केला होता, तो मात्र २०१९ मध्ये निकाली काढला गेला.

दिल्लीचा हक्क गल्लीत आणायचा तर जुनेच कायदे हाताशी घ्यावे लागतात.

हरित लवाद आणि मुदत

राष्ट्रीय हरित लवाद २०१० च्या कायद्याने झाला. आपल्यासाठी त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. जल प्रदूषण कायदा १९७४, हवा प्रदूषण कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ असे मोजके कायदे तिथे चालतात. ‘हवामान बदल’ नावाचा अर्ज तिथे टिकणं कठीण. पण नाल्यातून नदीत सोडलेलं रसायनाचं पाणी, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी, हे विषय थेट बसतात. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबाबत ‘वनशक्ती’ संस्थेने याच लवादाकडे दाद मागितली होती. २०१५ मध्ये लवादाने नगरपालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड लावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नदी अजून साफ झालेली नाही, हे तिच्या काठावर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण कुणी तरी अर्ज केला म्हणून जबाबदार कोण, हे कागदावर आलं.

इथे माणसं मुदतीत मार खातात. सर्वसाधारण तक्रारीसाठी प्रकार घडल्यापासून सहा महिने, आणि सबळ कारण असेल तरच आणखी ६० दिवस. भरपाई मागायची असेल तर पाच वर्षं. भरपाई मागितली नसेल तर फी १००० रुपये. ‘बघू, गणपती झाल्यावर’ म्हणत महिने जातात आणि मग वकीलही हात वर करतो. फोटो काढला तर तारीख राहील असा काढावा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दिलेल्या तक्रारीची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसायची गरज नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त मोफत वकिलाला पात्र आहेत असं सरळ लिहिलं आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांनाही तो हक्क आहे. हेल्पलाइन १५१०० आहे. किती पूरग्रस्तांना हे कुणी सांगितलं, हा वेगळा प्रश्न.

निळी रेषा, लाल रेषा

नदीकाठी घर असणाऱ्यासाठी किंवा फ्लॅट घेणाऱ्यासाठी सर्वात जवळचा कायदा पूररेषेचा. जलसंपदा विभाग ती आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत नदी आणि निळ्या रेषेमध्ये नवीन बांधकामाला मनाई आहे. बाग, वाहनतळ, उघडी भाजी मंडई अशा गोष्टी चालतात. तिथल्या जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास होऊ शकतो. निळ्या आणि लाल रेषेमध्ये परवानगी मिळू शकते. दोन्हीकडे अट एकच, बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं.

बिल्डरच्या पुस्तिकेत ‘रिव्हर व्ह्यू’ मोठ्या अक्षरात असतो. पूररेषा बहुतेक वेळा नसते. ती बघायची तर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात किंवा जलसंपदा विभागात सर्व्हे नंबर घेऊन जावं. तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा, फी १० रुपये, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. बुकिंगची रक्कम त्यानंतर भरली तरी चालते.