घोड्याचे मोल : त्सुशिमाचा व्हिडिओ गेम आणि कामाकुराकालीन योद्ध्याचा प्रवास

इतिहासाच्या अभ्यासकाने व्हिडिओ गेमची दखल घ्यावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. परंतु जपानी योद्ध्याचे पहिले दर्शन आजच्या विद्यार्थ्याला पुष्कळदा ग्रंथांतून नव्हे, तर अशा खेळांतून घडते. तेव्हा त्या दर्शनाची परीक्षा करणे हे इतिहासाध्यापकाच्या कर्तव्यातच मोडते. प्रस्तुत लेखात ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या 2020 साली प्रसिद्ध झालेल्या खेळातील अश्वारोहण व प्रवास यांचा विचार करावयाचा आहे.

खेळाची पार्श्वभूमी ऐतिहासिक आहे. 1274 च्या नोव्हेंबरात मंगोल सम्राट कुब्लाई खानाचे आरमार कोरियाहून निघून प्रथम त्सुशिमा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. बेटाचा कारभारी सो सुकेकुनी हा सुमारे ऐंशी स्वारांनिशी त्यांना सामोरा गेला व त्या लढाईत सर्वांसह मारला गेला, असे परंपरा सांगते. खेळाचा आरंभ याच प्रसंगावर बेतलेला आहे. मात्र त्यातील नायक जिन साकाई व त्याचा मामा शिमुरा ही पात्रे काल्पनिक होत.

आरंभीच्या पराभवानंतर नायकाला घोडा मिळतो. खेळणाऱ्याने त्याचा रंग निवडावयाचा आणि तीन नावांपैकी एक ठेवावयाचे. त्यानंतर शीळ घातली की घोडा हजर होतो. त्याला दाणावैरण लागत नाही, त्याचे खूर झिजत नाहीत, दिवसभर दौडवला तरी तो थकत नाही. वाट दाखविण्याचे काम वारा करतो : वाऱ्याची झुळूक ज्या दिशेला गवत लववील, तिकडे जावे. एकदा पाहिलेल्या ठिकाणी तर नकाशावर बोट ठेवताच पोहोचता येते. प्रवासाचा हा आनंद खरा आहे व तो निर्माण करणाऱ्यांचे कौशल्यही मान्य केले पाहिजे. परंतु या खेळातील प्रवास फुकट आहे. इतिहासातील प्रवास तसा नव्हता, आणि या एका भेदातच त्या काळच्या योद्धावर्गाचे अवघे अर्थकारण दडलेले आहे.

प्रथम घोड्याचाच विचार करू. 1953 मध्ये कामाकुरा येथील झाइमोकुझा भागात झालेल्या उत्खननात मध्ययुगीन मनुष्यांच्या अस्थींबरोबर घोड्यांच्याही अस्थी सापडल्या. त्यांवरून त्या घोड्यांची खांद्यापर्यंतची उंची सरासरी 130 सेंटिमीटरांच्या आसपास होती, असे अनुमान निघाले. आजच्या परिभाषेत हे तट्टूच होय. या तट्टावर चिलखतधारी स्वार बसे, आणि एकट्या चिलखताचे वजनच 25 किलोग्रॅमच्या घरात जाई. घोड्याच्या खुरांना लोखंडी नाल ठोकण्याची रीत तेव्हा जपानात नव्हती. अशा जनावराला मजल-दरमजल दौडविणे अशक्य होते. आठव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्याने राजमार्गांवर सुमारे 16 किलोमीटरांच्या अंतराने घोडे बदलण्याची ठाणी ठेविली होती. ज्याला खरोखरच त्वरा हवी असे, त्याला एक घोडा कधीच पुरत नसे, हे त्यावरून स्पष्ट होते.

त्सुशिमाची भूमीही खेळातल्या विस्तीर्ण गवताळ माळांसारखी नाही. बेटाचा बहुतेक भाग डोंगर व अरण्ये यांनी व्यापलेला असून सपाट जमीन अत्यल्प आहे. तेथील ‘ताइशू’ नावाची घोड्याची मूळ जात आज फार थोडी उरली आहे. तिची ख्याती दौडीबद्दल नाही, तर अवघड चढणीवर ओझे वाहण्याबद्दल आहे.

असे असूनही त्या काळच्या योद्ध्याची ओळख घोड्यावरूनच होत असे. योद्ध्याच्या विद्येला ‘धनुष्य आणि अश्व यांचा मार्ग’ असे नाव होते. धावत्या घोड्यावरून नेम धरण्याचे याबुसामेसारखे अभ्यासप्रकार तो नित्य करी. पाऊल संपूर्ण टेकेल अशा रुंद रिकिबीत उभे राहून बाण सोडणे हे त्याचे मुख्य कसब होते. तलवार होती, पण ती दुय्यम. खेळात मात्र हे नाते उलटे झाले आहे. तेथे घोडा हे वाहन आणि तलवार हे सर्वस्व. ही प्रतिमा तेराव्या शतकाची नसून पुढील शांततेच्या काळाची व विसाव्या शतकातील चित्रपटांची आहे. दिग्दर्शक कुरोसावाच्या नावाने कृष्णधवल दृश्याची एक सोय खेळातच ठेवलेली आहे. तेव्हा हे ऋण निर्मात्यांनीही लपविलेले नाही.

घोड्याचे खरे मोल कोणते, हे पाहावयाचे असेल तर ताकेझाकी सुएनागा या क्यूशूमधील योद्ध्याची हकीकत पाहावी. त्याने स्वतःच्या पराक्रमाचा सचित्र पट तयार करवून घेतला व तो आजही उपलब्ध आहे. 1274 मध्ये हाकाता येथील लढाईत त्याच्यासह अवघे पाच स्वार होते. प्रथम त्याच्या निशाणदाराचा घोडा पडला, मग त्याचा स्वतःचाही. शत्रूच्या बाणांनी जखमी होऊन रक्ताळलेला त्याचा घोडा पटावर स्पष्ट दिसतो. दुसऱ्या तुकडीची मदत वेळेवर आली म्हणून तो बचावला.

पराक्रम गाजविला, पण बक्षीस मिळेना. तेव्हा 1275 मध्ये सुएनागाने थेट कामाकुरा गाठण्याचे ठरविले. आप्तांचा पाठिंबा नव्हता. वाटखर्चासाठी त्याने आपले घोडे व खोगिरे विकली! सहाव्या महिन्यात निघालेला हा मनुष्य आठव्या महिन्यात कामाकुऱ्यास पोहोचला. तेथेही भेट मिळण्यास बराच काळ गेला. अखेर आदाची यासुमोरी या अधिकाऱ्याने त्याचे म्हणणे ऐकून घेतले व त्यास जमिनीवरील ‘जितो’ हे अधिकारपद मिळाले. त्याबरोबर यासुमोरीने त्याला दिले ते काय? एक घोडा आणि खोगीर.

ज्या घोड्यावर बसून तो लढला त्याची हकीकत सांगण्यासाठी त्याला घोडे विकावे लागले, आणि न्याय मिळाल्याची खूण म्हणून पुन्हा घोडाच मिळाला. आपल्याकडील शिलेदाराप्रमाणे कामाकुऱ्याचा हा चाकर स्वतःचा घोडा व सरंजाम घेऊन चाकरीस येई. घोडा मेला तर नुकसान त्याचे. परंतु मंगोलांशी झालेल्या युद्धात नवी भूमी जिंकली गेली नव्हती. मग वाटावयाचे काय? या प्रश्नाला सत्तेपाशी समाधानकारक उत्तर नव्हते. कर्जात बुडालेल्या चाकरांच्या जमिनी वाचविण्यासाठी 1297 मध्ये खास हुकूम काढावा लागला, आणि 1333 मध्ये कामाकुऱ्याची सत्ताच कोसळली. तिच्या पतनाची कारणे अनेक असली, तरी योद्धावर्गाचा हा असंतोष त्यांतील एक प्रमुख कारण होय.

खेळावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कथेच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस नायक शत्रूच्या नव्हे, तर स्वकीयांच्या कैदेतून निसटतो. त्या वेळी बाण लागलेला त्याचा घोडा बर्फात कोसळून मरतो व नायक त्याला पुरतो. ज्याने ते नाव स्वतः ठेवले होते, त्या खेळणाऱ्याला येथे क्षणभर घोड्याचे मोल कळते. पण लवकरच दुसरा घोडा मिळतो, आणि तोही फुकटच.

निष्ठा व मानमर्यादा यांच्या कथा सांगणे सोपे असते, कारण त्यांत कोणाला काही विकावे लागत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी हा खेळ अवश्य खेळावा. मात्र शीळ ऐकून घोडा धावत आला म्हणजे एवढे विचारावे, की हा घोडा कोणाचा, याला वैरण कोण घालतो, आणि हा पडला तर नवा कोण देणार? सुएनागाचे अर्धे आयुष्य याच तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात गेले.