आकाशातले अंतर आणि आदिलाबाद

हैदराबादचे बेगमपेठ आणि नागपूरचे सोनेगाव या दोन विमानतळांमध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली, तर तिची लांबी सुमारे ४०० किलोमीटर भरते. ही रेघ गोदावरी ओलांडून जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात शिरते आणि पैनगंगा ओलांडून विदर्भात उतरते. आदिलाबाद शहर तिच्या थोडे पश्चिमेस राहते.

१९४५ साली निजामाची सरकारी रेल्वे आणि टाटा यांच्या भागीदारीतून ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी निघाली. हैदराबादहून नागपूरमार्गे दिल्लीस जाणारी विमाने तिने सुरू केली. तिच्या ताफ्यातील डाकोटा विमानाचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर. त्या हिशेबाने हे अंतर दीड तासात कापले जाई. चढण्या-उतरण्यास थोडा वेळ अधिक लागे. वारा समोरून असला तर आणखी थोडा. १९५३ मध्ये विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ही कंपनी ‘इंडियन एअरलाइन्स’मध्ये विलीन झाली.

तत्पूर्वीच, १९४९ च्या आरंभी, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. संध्याकाळी मद्रासेत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत पोहोचू लागले.

आदिलाबादच्या पत्राची गोष्ट मात्र निराळी होती. विमानात चढण्यासाठी त्यास प्रथम सडकेने नागपुराकडे सुमारे २०० किंवा हैदराबादकडे सुमारे ३०० किलोमीटर जावे लागे. दक्षिणेची वाट निर्मळच्या घाटातून, उत्तरेची पैनगंगेवरून. आजारी माणसालाही हाच प्रवास घडे. विमानाच्या पूर्ण उड्डाणास लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी पट वेळ केवळ विमानतळ गाठण्यातच जाई.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे मराठी मुलूख आदिलाबादपासून वेगळे होऊन मुंबई राज्यात आले. सीमा बदलली, तथापि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील माणसांची विमानापासूनची दूरता जिथल्या तिथेच राहिली.

याचे कारण अंतरात नाही, उतरण्याच्या सोयीत आहे. दोन विमानतळांमधील वेळ विमानाचा वेग ठरवितो; मधल्या गावाचा वेळ मात्र तेथे धावपट्टी आहे की नाही, आणि असल्यास ती वापरात आहे की नाही, यावर ठरतो. आदिलाबादेत निजामाच्या काळातील धावपट्टीची जागा होती, पण नियमित प्रवासी विमान तिच्या वाट्यास आले नाही. २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाने तेथे नागरी विमानतळास संमती दिली, तेव्हा ‘डेक्कन एअरवेज’च्या स्थापनेस ८० वर्षे झाली होती. आदिलाबादच्या आकाशातून दीड तासाची ती वाट गेली, परंतु खाली राहणाऱ्यांचा एक तासही तिने वाचविला नाही.